अडलेल्या रस्त्याचे गणित

सुट्टीत जहीराबाद, उमरगा, सोलापूर या मार्गाने पुण्या-मुंबईकडे जाणारे आपल्यापैकी पुष्कळ जण आहेत. पुण्यापुढे मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग लागतो. १३ जून २०२३ रोजी लोणावळ्याजवळ कुणे गावच्या पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. चार जणांचा मृत्यू झाला. ही हानी पैशांत मोजता येत नाही. मात्र अशा वेळी मागे खोळंबलेल्या वाहनांचा खर्च मोजता येतो. कसा, ते पाहू.

समजा, एका रस्त्यावर दर मिनिटाला ५० वाहने येतात आणि मोकळ्या रस्त्यावरून १०० जाऊ शकतात. अपघातामुळे रस्ता ६० मिनिटे पूर्ण बंद राहिला. रांगेत ३,००० वाहने साचली. रस्ता खुला झाला तरी रांग लगेच संपत नाही. दर मिनिटाला १०० जातात, पण मागून ५० येतच असतात. म्हणून रांग संपायला आणखी ६० मिनिटे लागतात.

आता आलेख काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर रांगेतील वाहने. त्रिकोण तयार होईल : पाया १२० मिनिटे, उंची ३,०००. त्याचे क्षेत्रफळ म्हणजे सर्व वाहनांचा मिळून वाया गेलेला वेळ, १,८०,००० मिनिटे, म्हणजेच ३,००० तास.

प्रत्येक वाहनात दोन माणसे, माणशी तासाला १०० रुपये, आणि तासाला अर्धा लिटर इंधनाचे ५० रुपये धरू. एका वाहनाचा एक तास २५० रुपयांना पडला. एकूण नुकसान साडेसात लाख रुपये!

हाच रस्ता ३० मिनिटांत मोकळा झाला असता तर? पायाही निम्मा, उंचीही निम्मी. नुकसान १,८७,५०० रुपये. वेळ निम्मा, पण खर्च फक्त एक चतुर्थांश!

म्हणूनच क्रेन आणि रुग्णवाहिका लवकर पोहोचणे फार मोलाचे. आपल्या हैदराबादच्या १५८ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्यालाही हेच गणित लागू आहे. कडेच्या पट्टीतून गाडी पुढे घुसवणारा आणि अपघात पाहायला थांबणारा, दोघेही मदतीची वाट अडवतात. त्याची किंमत मागचे हजारो लोक मोजतात. त्यात ट्रकमधली भाजी असते, परीक्षेला निघालेला मुलगा असतो आणि एखादा रुग्णही असतो.

स्वाध्याय : रस्ता १५ मिनिटेच बंद राहिला तर नुकसान किती? (उत्तर : ४६,८७५ रुपये.) घरी आई-बाबांनाही हे गणित समजावून सांगा.