मातीच्या शर्यतवाटांची जपणूक

किल्ला, लेणे, मंदिर किंवा वाडा यांचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय आहे. दगड टिकतो, त्याच्यावर लेख कोरलेला असतो आणि तो कोणी बांधला हे बहुधा ठाऊक असते. परंतु वर्षातून एकदोन दिवस जेथे हजारो माणसे गोळा होतात आणि उरलेले सर्व दिवस जेथे गुरे चरतात, अशा जागेलाही इतिहास असतो आणि तो जपावा लागतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. शर्यतीची वाट ही अशीच एक जागा होय. ती मातीची असते, गावाने किंवा गल्लीतील मुलांनी मिळून केलेली असते आणि वापर थांबला की दोनचार पावसाळ्यांत ती ओळखू येईनाशी होते.

या प्रश्नाकडे प्रथम लक्ष गेले ते परदेशात आणि तेही एका अगदी पोरकट समजल्या गेलेल्या खेळामुळे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील मुलांनी १९७० च्या सुमारास मोटारसायकलींच्या मातीतील शर्यती पाहिल्या आणि आपल्या छोट्या चाकांच्या सायकलींवर त्यांची नक्कल सुरू केली. १९६९ साली लॉस एंजेलिस भागातील पाम्स पार्क येथे अशा शर्यती होऊ लागल्या. १९७१ साली प्रदर्शित झालेल्या ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटात आरंभीच ही मुले दिसतात आणि तेथून हे वेड देशभर पसरले. त्याला पुढे ‘बीएमएक्स’ हे नाव मिळाले. कोठल्या तरी पडीक जमिनीवर मुलांनी फावडी घेऊन उंचवटे करावेत, वळणांवर मातीचे तिरपे बांध घालावेत आणि एका टेकाडावरून आठ जणांनी एकदम सुटावे, एवढाच तो खेळ. २००८ साली बीजिंग येथे तो ऑलिंपिकमध्ये गेला. पण ज्या जागांवर तो जन्मला त्यांतील बहुतेक त्यापूर्वीच घरबांधणीखाली किंवा मोटारी उभ्या करण्याच्या फरशीखाली गेल्या होत्या. इंग्लंडमध्ये याहून जुने उदाहरण सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या वस्त्यांत मुलांनी ढिगारे बाजूला सारून लंबवर्तुळाकार वाटा केल्या आणि मोडक्या सायकली त्यांवरून पळवल्या. शहरे पुन्हा बांधली गेली तेव्हा त्या जागांवर इमारती उठल्या. खेळ टिकला, पण जेथे तो सुरू झाला त्या जागा गेल्या.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात मातीची शर्यतवाट म्हटली की पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांतला बैलगाड्याचा घाट डोळ्यांसमोर येतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत गावाच्या जत्रेला बैलगाड्यांची शर्यत असते आणि ती ज्या चढावर होते त्याला ‘घाट’ म्हणतात. हा घाट म्हणजे डोंगर ओलांडण्याचा रस्ता नव्हे. खालच्या सपाटीपासून माथ्यापर्यंत सरळ चढत गेलेली, काहीशे फूट लांबीची, दोन्ही बाजूंना प्रेक्षकांना उभे राहता येईल अशी ती मातीची पट्टी असते. पुष्कळ ठिकाणी ती ग्रामदैवताच्या परिसरात असते. खेड तालुक्यातील निमगाव दावडी येथील खंडोबाचा घाट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. एका वेळी एकच गाडा धावतो. हलक्या दुचाकी गाड्याला चार बैल जुंपलेले असतात, गाड्यावर हाकणारा नसतो आणि पुढे घोडीवर स्वार झालेला माणूस वाट दाखवीत दौडत असतो. सारा मामला काही सेकंदांत संपतो. म्हणून घड्याळ या खेळात फार महत्त्वाचे ठरले आणि वादाचा विषयही तेच झाले. गाड्याच्या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. कोणाची बारी किती सेकंदांत बसली, याची चर्चा पुढच्या जत्रेपर्यंत पारावर चालू असते.

विदर्भातील शंकरपट यापेक्षा निराळा. तेथे जोड्या शेजारीशेजारी धावतात आणि हाकणारा गाडीवर असतो. सांगली-सातारा भागातील सपाट मैदानांवरची शर्यत आणखी वेगळी. या तिन्ही प्रकारांना ‘बैलांच्या शर्यती’ असे एकच नाव देऊन मोकळे होणे सोयीचे असले तरी जागेचा अभ्यास करणाऱ्याने तसे करू नये. कारण जमिनीचा आकारच येथे खेळाचा नियम ठरवतो. घाटाचा चढ हा धावत्या बैलांचा लगाम आहे. माथ्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा वेग आपोआप ओसरतो, म्हणून तेथे हाकणाऱ्यावाचून भागते. सपाट मैदानावर हे साधत नाही.

या जागांच्या इतिहासात गेल्या काही वर्षांत एक मोठा खंड पडला. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करता येत नाहीत त्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील या शर्यतींनाही मनाई केली. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू व कर्नाटक या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ कोणत्याही घाटावर कायदेशीर बारी झाली नाही.

सात वर्षे हा काळ दगडी स्मारकाला काहीच नाही. मातीच्या उताराला मात्र तो फार आहे. चालत्या घाटावर दरवर्षी जत्रेपूर्वी माणसे जमतात, खडे वेचतात, ओघळी बुजवतात, माती पसरून पाणी मारतात आणि ती दाबून बसवतात. हे थांबले की पहिल्या पावसाळ्यात बारीक चर पडतात. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी तेच चर शोधीत येते आणि त्यांच्या नाल्या होतात. कडेने बाभळी आणि घाणेरी उगवते. यातली खरी हानी मातीची नव्हे, ती भरता येते. दुरुस्ती कशी करावी, कोणत्या शेतातली माती आणावी, चढाचा कोणता भाग कसा राखावा, हे ज्यांना ठाऊक असते ती माणसे या काळात म्हातारी होतात आणि नवी पिढी हाताखाली तयार होत नाही. लिहून ठेवलेले काहीच नसते.

दुसरा धोका जमिनीच्या किमतीचा. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली ती महानगरपालिका बनली आणि १९९७ साली चिखली, मोशी, चऱ्होलीसारखी अठरा गावे तिच्या हद्दीत आली. भोसरी तर आरंभापासूनच त्या शहरात होती. शर्यतीचा षोक असलेली ही जुनी गावे पाहता पाहता शहराची उपनगरे झाली. शेत गेले तरी बैल दारात ठेवणारी घरे तेथे आहेत. पण शहराच्या विकास आराखड्यावर रस्ता, शाळा, बाजार, उद्यान यांना रंग असतो. जत्रेच्या घाटाला तसा रंग नसतो.

येथे एक शंका घेतली जाईल आणि ती रास्त आहे. ज्या खेळात मुक्या जनावराला वेदना होतात, त्याची जागा जपावी तरी कशासाठी? शेपटी पिरगाळणे, टोचणे, मारणे हे प्रकार घडत आले आहेत. २०१४ च्या निकालात न्यायालयाने अशा क्रौर्याची सविस्तर दखल घेतली आणि २०१७ च्या दुरुस्तीनेही प्राण्याला वेदना देणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते खेळाचे समर्थन आणि जागेची नोंद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. उद्या हा खेळ कायमचा बंद झाला तरी घाटाचा इतिहास उरेल आणि बंद का झाला हा त्या इतिहासाचाच भाग असेल. त्यामुळे ज्याने या घाटाची वही लिहावयास घेतली असेल त्याने गाडामालकाची साक्ष जितक्या आस्थेने घ्यावी तितक्याच आस्थेने शर्यतीला विरोध करणाऱ्याचीही घ्यावी. गौरवग्रंथ काढणारे हे करीत नाहीत आणि म्हणून त्यांचे ग्रंथ लवकर निरुपयोगी होतात.

अशी वही कशी करावी? प्रथम जागा मोजावी. लांबी, रुंदी, तळापासून माथ्यापर्यंतची उंची, मातीचा प्रकार, पाणी कोणीकडे वाहते हे सारे एका साध्या नकाशावर उतरवता येते आणि त्याला तज्ज्ञाची गरज नसते. शाळेतील मुले मोजपट्टी व पाणसळ घेऊन हे काम एका दिवसात करतात. नंतर जमीन कोणाची हे पाहावे. सातबारा उताऱ्यावर ती गायरान म्हणून लागली आहे, देवस्थानची इनाम आहे की एखाद्या कुटुंबाची खाजगी आहे, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते आणि गावकऱ्यांची समजूत व दप्तरातील नोंद यांत अनेकदा तफावत आढळते. तफावत जत्रेच्या दिवशी कोणाला जाणवत नाही. ती जाणवते जमीन विकली जाते तेव्हा.

कागद पुष्कळ असतात, फक्त ते एका ठिकाणी नसतात. जत्रेच्या हिशोबाच्या वह्या, वर्गणीच्या याद्या, बक्षिसे जाहीर करणारी पत्रके, ढालीवर कोरलेली नावे व साले हे सर्व इतिहासाचे साधन आहे. बक्षीस काय होते एवढे जरी ओळीने मांडले तरी गावाच्या आर्थिक स्थितीचा आलेख निघतो. एके काळी भांडे, फेटा किंवा ढाल मिळत असे, पुढे मोटारसायकल आली. तोंडी साक्षी घेताना मालक आणि जिंकलेले बैल यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. वास्तविक घोडीवर बसणारा, गाडा जुंपणारा, निशाणापाशी उभा राहणारा, ध्वनिक्षेपकावरून पुकारा करणारा, गाडा घडवणारा सुतार, बैलाला वर्षभर वैरण-पाणी करणाऱ्या घरच्या स्त्रिया यांच्याजवळ निराळीच माहिती असते. शर्यतीच्या दिवशी घाटावर स्त्रिया कोठे उभ्या राहत, राहत होत्या की नाही, हा प्रश्न मी आवर्जून विचारण्याजोगा समजतो. गावातील कोणत्या वस्तीला कोणते काम होते हेही विचारावे. उत्तर देताना माणसे अडखळतात, तेथे थोडे थांबावे.

कायद्याचा आधार किती मिळेल याविषयी भ्रम नको. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरण्यास वास्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते, आणि दरवर्षी नव्याने माती घातली जाणारी उतरण किती वर्षांची म्हणावयाची हे सिद्ध करणे कठीणच. मुंबईसाठी १९९५ साली झालेल्या वारसा नियमावलीने शंभर वर्षांहून कमी वयाच्या वास्तूही विचारात घेता येतात हे दाखवून दिले. गावपातळीवर अधिक जवळचा नमुना म्हणजे २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये तयार होणारी लोकजैवविविधता नोंदवही. खिलार बैलाची नोंद तिच्यात होऊ शकते, मग तो ज्या वाटेवर धावतो तिची एका पानात नोंद करण्यास कोण हरकत घेईल?

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाशी तुलना केली म्हणजे घाटाची अडचण स्पष्ट होते. १९०२ साली युरोपच्या प्रवासात रोमचे जुने रंगमंडल पाहून आल्यावर शाहू महाराजांनी कुस्तीसाठी हे मैदान करविले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. त्याला कर्ता आहे, काळ आहे, दगडी कठडा आहे. तरीही ८ ऑगस्ट २०२४ रोजी त्याला लागून असलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली तेव्हा दगडमातीचे जे काम फार काळ टिकते त्याच्या शेजारी लाकूड आणि कापड किती सहज जाते, हे शहराने पाहिले. घाटाला कर्ताच नाही. जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यासारख्या, १९०४ पासून वाढत गेलेल्या कामगार वसाहतींतील मोकळ्या मैदानांचीही हीच स्थिती आहे. जमीन कारखान्याची आणि खेळ पोरांचा, त्यामुळे त्या खेळाची नोंद कोणाच्याच दप्तरात नाही.

परदेशातील दोन अनुभव येथे उपयोगी पडतील. लंडनच्या पूर्वेस हॉर्नचर्च येथे १९७८ साली चाकांच्या फळ्यांवर आणि सायकलींवर कसरती करण्यासाठी ‘द रॉम’ हे सिमेंटचे मैदान बांधले गेले. २०१४ साली त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. छत्तीस वर्षांच्या मैदानाला असा दर्जा मिळणे युरोपात नवीनच होते. अमेरिकेतील टॅम्पा शहराच्या ‘ब्रो बोल’ची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेही त्याच काळातले सार्वजनिक मैदान. २०१३ साली त्याचे नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत गेले, तरीही २०१५ साली ते पाडण्यात आले. कारण ज्या उद्यानात ते होते तेथे पूर्वी सेंट्रल ॲव्हेन्यू ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती होती, ती नष्ट झाली होती आणि तिच्या स्मरणार्थ उद्यानाची नवी रचना व्हावी असे शहराने ठरवले होते. मुलांच्या आठवणी आणि उठलेल्या वस्तीच्या आठवणी एकाच तुकड्यावर दावा सांगत होत्या. शेवटी त्याच उद्यानात दुसऱ्या जागी मूळ मैदानाची हुबेहूब प्रतिकृती उभारण्यात आली. हा निर्णय योग्य की अयोग्य यावर एकमत होणार नाही. पण प्रतिकृती करता आली याचे कारण असे की, पाडण्यापूर्वी मूळ मैदानाचा प्रत्येक चढउतार मोजून ठेवलेला होता.

घाटाच्या बाबतीत हे मोजमाप घेण्यास सर्वांत चांगला काळ म्हणजे जत्रेपूर्वीचा आठवडा. त्या वेळी तण काढलेले असते, माती नव्याने बसवलेली असते, वर्षभर बाहेरगावी असलेली माणसे गावात आलेली असतात आणि दुरुस्तीचे काम ज्यांना येते ते हातात फावडे घेऊन तेथेच सापडतात.