ध्येयपूर्तीनंतर श्रद्धावंताचे कर्तव्य

परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाच्या घरातील वातावरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. फज्रच्या अजानला तो स्वतःहून उठतो. आई तहज्जुदच्या नमाजीत त्याच्यासाठी अश्रू ढाळते. वडील मशिदीत भेटेल त्याला दुआ करण्याची विनंती करतात. मग निकाल लागतो. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळतो किंवा शासकीय सेवेत निवड होते. पेढे वाटले जातात, सत्कार होतात. आणि काही महिन्यांतच असे दिसते की, पहाटे उठणारा तो मुलगा फज्रच्या वेळी गाढ झोपेत आहे आणि आईची तहज्जुदही सुटली आहे. घर बांधून झाल्यावर, मुलीचा विवाह पार पडल्यावर, आखाती देशांतून कमाई करून गावी परतल्यावर, इतकेच काय, हज करून आल्यावरही पुष्कळदा हेच घडते.

दिव्य कुरआनने मानवाच्या या स्वभावावर नेमके बोट ठेवले आहे. सूरह यूनुसच्या बाराव्या आयतीचा आशय असा आहे की, संकट आले की माणूस आडवा, बसलेला, उभा अशा प्रत्येक अवस्थेत अल्लाहला हाक मारतो. पण संकट दूर होताच तो असा चालू लागतो की जणू त्याने कधी हाक मारलीच नव्हती. आपण नापासांसाठी दुआ करतो. खरे तर उत्तीर्ण झालेल्यांसाठीही तितक्याच काकुळतीने दुआ करण्याची गरज आहे.

या स्थितीची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. काही तरुणांना ध्येय गाठल्यावर एक विचित्र रितेपण जाणवते. ज्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली ते हाती आले. मग मन का रमत नाही? अशा तरुणाला घरचे लोक कृतघ्न ठरवतात. परंतु त्याचे दुखणे खोटे नाही. त्याने वाटेतल्या मुक्कामालाच अंतिम गंतव्य मानले होते. तेथे पोहोचल्यावर पुढचा रस्ता दिसतो, पण तो कोठे जातो हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मोकळीक मिळाल्यावरचा आदेश

सूरह अलम नशरह मक्केत अवतरली. अडचणीबरोबर सुलभताही आहे, असा दिलासा या सूरहमध्ये दोनदा देण्यात आला आहे. आपली व्याख्याने सहसा येथेच थांबतात. सूरह मात्र थांबत नाही. शेवटच्या दोन आयतींत प्रेषित मुहम्मद (स.) यांना आदेश आहे की, मोकळीक मिळाली की पुन्हा परिश्रमास लागावे आणि आपल्या पालनकर्त्याकडेच ओढ लावावी. भाष्यकारांनी याचे अनेक अर्थ सांगितले आहेत. कोणी म्हटले, ऐहिक व्यापातून मोकळे झाल्यावर उपासनेत परिश्रम करावेत. कोणी म्हटले, फर्ज नमाज संपल्यावर दुआमध्ये मन ओतावे. या सर्व अर्थांतील समान सूत्र असे की, श्रद्धावंताच्या जीवनात एका कार्याची समाप्ती हा दुसऱ्या कार्याचा प्रारंभ असतो. दुसऱ्या आयतीने त्या परिश्रमाची दिशाही निश्चित केली आहे. केवळ एका पदानंतर दुसरे पद, एका घरानंतर दुसरे घर अशी धावपळ येथे अभिप्रेत नाही.

मक्का विजयाचा दिवस

जगाच्या दृष्टीने पाहिले तर हिजरी 8 मधील मक्का विजय हा प्रेषितांच्या (स.) वीस वर्षांहून अधिक काळच्या संघर्षाची परिपूर्ती होता. ज्या नगरीने त्यांना घर सोडण्यास भाग पाडले, त्याच नगरीत ते दहा हजार सहाबांसह प्रवेश करीत होते. पण त्या दिवशी त्यांची मान विनम्रतेने झुकलेली होती आणि मुखात सूरह फतहचे पठण होते. त्यांनी ह. उम्मे हानी (रजि.) यांच्या घरी आठ रकअत नमाज अदा केली. काबागृह मूर्तींपासून मुक्त केले. कालपर्यंतच्या शत्रूंना क्षमा केली. आता प्रेषित (स.) आपल्या जन्मभूमीतच राहतील की काय, अशी शंका अन्सारांच्या मनात आली, तेव्हा त्यांनी आपले जगणे आणि मरणे अन्सारांसोबतच असल्याची ग्वाही दिली आणि ते मदीनेस परतले.

विजयानंतर काय करावे, हे सूरह नसरच्या तीन छोट्या आयतींत सांगितले आहे : अल्लाहची स्तुती, त्याच्या पावित्र्याचे स्मरण आणि इस्तिगफार. यशाच्या क्षणी क्षमायाचना कशासाठी? कारण कोणतेही कार्य कितीही उत्तम झाले तरी त्यात आपल्याकडून उणीव राहतेच, आणि यशाचे तेज ती उणीव झाकून टाकते. नमाज पूर्ण झाल्यावर प्रेषित (स.) तीन वेळा इस्तिगफार करीत, यातही हाच बोध आहे. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांनी या सूरहमधून प्रेषितांच्या (स.) निरोपाची वेळ जवळ आल्याचे ओळखले होते आणि ह. उमर (रजि.) यांनी त्यास दुजोरा दिला होता. कार्य पूर्ण होणे म्हणजे अल्लाहच्या भेटीची वेळ समीप येणे, हे ते जाणत होते.

उहुदची खिंड

याच्या उलट उदाहरण उहुदचे आहे. हिजरी 3 मध्ये प्रेषितांनी (स.) पन्नास तिरंदाजांना एका टेकडीवर नेमले होते आणि कोणत्याही परिस्थितीत जागा न सोडण्याची ताकीद दिली होती. शत्रू पळू लागताच बहुतेकांना वाटले की काम झाले. ह. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी रोखूनही ते खाली उतरले, आणि जिंकत आलेली लढाई पालटली. लक्षात घ्या, शत्रूचा जोर असेपर्यंत ते तिरंदाज पाय रोवून उभे होते. जागा सुटली ती विजय दिसू लागल्यावर. निकालानंतर फज्र सोडणाऱ्या मुलाने ही घटना पुन्हा पुन्हा वाचावी.

ह. कअब (रजि.) यांचा आदर्श

मग आनंदाची बातमी आल्यावर प्रत्यक्षात काय करावे? ह. कअब बिन मालिक (रजि.) यांचा प्रसंग यासाठी पुरेसा आहे. तबूकच्या मोहिमेत मागे राहिल्यामुळे पन्नास दिवस त्यांच्याशी कोणी बोलत नव्हते. तौबा स्वीकारली गेल्याची हाक कानी पडताच ते सजद्यात गेले. बातमी आणणाऱ्यास त्यांनी आपल्या अंगावरील वस्त्रे दिली. आपली सर्व संपत्ती दान करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली, प्रेषितांनी (स.) काही भाग स्वतःजवळ ठेवण्यास सांगितले. शेवटी, सत्य बोलल्यामुळे आपली सुटका झाली म्हणून यापुढे आयुष्यभर सत्यच बोलण्याचा त्यांनी संकल्प केला.

सजदा, आनंदात इतरांचा वाटा, सदका आणि आयुष्यभर पाळावयाचा एक संकल्प : या चार गोष्टी प्रत्येक घराला शक्य आहेत. सत्काराच्या खर्चातील काही भाग एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी द्यावा. नव्याने डॉक्टर झालेल्या मुलीने आठवड्यातील काही तास गरीब रुग्णांसाठी राखावेत. संकल्प छोटा असला तरी चालेल, कारण अल्लाहला थोडे पण सातत्याने केलेले कर्म अधिक प्रिय आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

माता-पित्यांनीही आत्मपरीक्षण करावे. आपण मुलांना "डॉक्टर हो" असे सांगतो. डॉक्टर होऊन कोणासाठी आणि कशासाठी जगायचे, हे सांगतो का? ह. यूसुफ (अ.) यांना सत्ता मिळाली, दुरावलेले माता-पिता व भाऊ भेटले. त्या शिखरावर उभे राहून त्यांनी अल्लाहचा आज्ञाधारक म्हणून मृत्यू यावा आणि सदाचारी लोकांची सोबत लाभावी, एवढेच मागितले. आपल्या मुलांच्या दुआमध्ये हे मागणे निकालापूर्वीच रुजले, तर निकालानंतरची फज्र सुटणार नाही.

अल्लाह आपणा सर्वांना यशात कृतज्ञ राहण्याची व अखेरच्या श्वासापर्यंत त्याच्याच मार्गावर परिश्रम करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.