डोळ्यांत घालायच्या थेंबांची ॲलर्जी



२०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आठवतं ना? तेव्हा घरोघरी थेंबांच्या बाटल्या आल्या. डोळे आले की थेंब घालायचे, हे आपल्याला माहीत आहे. पण कधीकधी त्या थेंबांचीच ॲलर्जी होते, हेही माहीत हवं.

कशी ओळखायची?
थेंब घातल्यावर मिनिटभर चुरचुरतं, ती बहुधा ॲलर्जी नसते. ॲलर्जीत पापण्यांना खूप खाज सुटते, त्या सुजतात. थेंब गालावर ओघळतो तिथली कातडी लाल, कोरडी होते, तिचे पापुद्रे निघतात. हा त्रास लगेच नाही, एक-दोन दिवसांनीही सुरू होतो. महिनोन्‌महिने सोसलेलं औषधही एखाद्या वेळी सोसेनासं होतं. मग आपल्याला वाटतं दुखणं वाढलं, आणि आपण आणखी थेंब घालतो!

कशामुळे होते?
निओमायसिन हे जंतुनाशक, थेंब टिकावेत म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड, काचबिंदूवरचं ब्रिमोनिडीन, अशी काही कारणं आहेत.

काय करायचं?
१. बाटली आणि खोका घेऊन डॉक्टरांकडे जा. नुसतं "पांढऱ्या झाकणाची बाटली" सांगून औषध कळत नाही.
२. साध्या थेंबांनी असा त्रास झाला तर ते थांबवा आणि लगेच दाखवा.
३. काचबिंदूचे किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब मात्र स्वतःहून बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, ते औषध बदलून देतात. काचबिंदूत नजर गुपचूप जाते आणि गेलेली परत येत नाही. सासूबाई "खाज येते" म्हणून बाटली फळीवर ठेवून देत असतील, तर तिकडे लक्ष द्या.
४. दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब किंवा मलम आणू नका. खाज थांबते, पण डोळ्यातला दाब वाढू शकतो.
५. हळद, मध, एरंडेल, अंगावरचं दूध डोळ्यांत घालू नका.
६. तोंड सुजलं, दम लागला, तर १०८ ला फोन करा.

ज्या औषधाची ॲलर्जी निघाली त्याचं नाव कागदावर लिहून आधार कार्डासोबत ठेवा. पुढे कुठल्याही दवाखान्यात गेलात, की आधी तो कागद दाखवा.

खांबच्या आपल्या गटांनी पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवावं. घरी कोणाला रोजचे थेंब चालू आहेत, तेही एकमेकींना विचारावं.