विचारणा आणि वर्दी

दौंड-मनमाड हा लोहमार्ग इ. स. १८७८ मध्यें आपल्या जिल्ह्यांतून सुरू झाला आणि पुढें शंभराहून अधिक वर्षें तो एकेरीच राहिला. एकाच रुळावरून जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्या एकमेकींवर आदळत कशा नाहींत, हा प्रश्न राहुरी स्टेशनच्या कठड्याशीं उभे राहून आम्ही लहानपणीं पुष्कळदां मनाशीं केला होता. त्याचें उत्तर पुढें एका वृद्ध स्टेशनमास्तरांनीं आम्हांस समजावून दिलें. आणि परवां संगणकाच्या एका घोटाळ्यांत सांपडलों असतां तेंच उत्तर पुन्हां आमच्या कामीं आलें. म्हणून आधीं आगगाडी, मग संगणक.

एकेरी मार्गावर स्टेशनमास्तर आपल्या मनानें गाडी सोडीत नाहीं. तो पुढच्या स्टेशनास विचारतो, 'मार्ग मोकळा आहे काय?' यास रेल्वेच्या भाषेंत लाइन क्लिअर मागणें म्हणतात. होकार आल्यावांचून गाडी हलत नाहीं. उत्तरच आलें नाहीं तर तोही नकार समजून गाडी उभीच राहते. ही झाली विचारणा. होकार मिळून गाडी सुटली म्हणजे मास्तर घंटेच्या खुणेनें पुढें कळवितो कीं, गाडी निघाली. ती पोंचली, आणि शेवटच्या डब्यावरील खूण पाहून गाडी अखंड आल्याची खात्री झाली, म्हणजे पुढचा मास्तर मागें कळवितो कीं, गाडी आली. येथें कोणी कोणाची परवानगी मागत नाहीं; घडलेली गोष्ट फक्त सांगावयाची असते. ही झाली वर्दी. ह्या दोहोंतील भेद नीट ध्यानांत ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचन त्याच्यावर उभें आहे.

आतां संगणकाकडे वळूं. कोणत्याही मोठ्या संस्थेंत एकच सॉफ्टवेअर नसतें. बँकेची खातेवही एक, ग्राहकाच्या फोनांतील ॲप दुसरें, दुकानाच्या विक्रीची नोंद तिसरी, शाळेच्या फीची चौथी. हीं सर्व निरनिराळ्या मंडळींनीं, निरनिराळ्या काळीं रचलेलीं. एकाची भाषा दुसऱ्यास उमगत नाहीं. म्हणून त्यांच्यामध्यें एक दुभाषा बसवितात, त्यास कनेक्टर म्हणतात. एकाची विचारणा दुसऱ्यास त्याच्या भाषेंत पोंचविणें, उत्तर परत आणणें, आणि एकाकडील वर्दी ज्यांना ज्यांना हवी त्यांना देणें, हें त्याचें काम.

दुभाष्याचें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. आपल्या जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. २०२४ सालीं अहमदनगरचें अहिल्यानगर झालें. एका कचेरीचें सॉफ्टवेअर नवें नांव पाठवूं लागलें आणि दुसऱ्याच्या यादींत जुनेंच असलें, तर जिल्हा जागच्या जागीं असूनही दुसरें सॉफ्टवेअर म्हणेल कीं, असा जिल्हाच नाहीं! यासाठीं शहाणे लोक नांवाऐवजीं अंक पाठवितात. २०११ च्या जनगणनेंत आपल्या जिल्ह्याचा अंक ५२२ होता. नांव बदललें म्हणून त्या अंकाखालील जुनी माहिती हरवत नाहीं. तारखांचेंही तसेंच. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेंत ६ मे. दुभाष्यास हें आधीं ठाऊक नसेल तर तो चूक करील, आणि चूक केल्याचें त्यास कळणारही नाहीं.

विचारणा व वर्दी रोज आपल्या डोळ्यांदेखत कशा धांवतात हें पाहावयाचें असेल तर कापड बाजारांत जावें. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ह्या २००८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें २०१६ मध्यें यूपीआय ही पद्धत सुरू केली. समजा, आपण २५० रुपयांचें कापड घेतलें आणि दुकानांतील चौकोनी ठसा फोनला दाखविला. फोनांतील ॲप आपली विचारणा त्या संस्थेच्या मध्यवर्ती केंद्राकडे धाडतें. केंद्र दुकानदाराच्या बाजूस विचारतें, हा पत्ता कोणत्या खात्याचा? मग आपल्या बँकेस सांगतें, २५० रुपये वजा करा. बँक आपला गुप्त अंक पडताळते, शिल्लक पाहते, रक्कम वजा करून उत्तर देते. मग दुकानदाराच्या बँकेस, जमा करा. तिचेंही उत्तर येतें. एवढ्या विचारणा कांहीं सेकंदांत आटोपतात. त्यानंतर दुकानांतील लहानसा ध्वनियंत्राचा डबा मोठ्यानें ओरडतो, '२५० रुपये प्राप्त झाले.' ती वर्दी होय. डबा कोणास कांहीं विचारीत नाहीं. त्याच्या कानावर आलें तेवढें तो सांगतो. म्हणून डबा मुका राहिला तर पैसे आले नाहींत असें सिद्ध होत नाहीं; वर्दी आली नाहीं, एवढेंच सिद्ध होतें.

खरी अडचण उत्तर न आल्यावर सुरू होते. 'वजा करा' अशी विचारणा गेली आणि पुढें शांतता. विचारणा वाटेंत हरवली काय? कीं काम झालें आणि उत्तर हरवलें? कीं बँक अजून तें काम करीतच आहे? बाहेरून तिन्ही सारखींच दिसतात. गाडी उभी ठेवतां येते, पण वजा झालेले पैसे उभे राहत नाहींत. म्हणून येथें तीच मागणी पुन्हां न करितां निराळा प्रश्न विचारतात: 'अमुक क्रमांकाच्या व्यवहाराचें काय झालें?' ह्या प्रश्नानें एक पैसाही हलत नाहीं, तो दहा वेळां विचारला तरी हानि नाहीं. रिझर्व्ह बँकेनें २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानें मुदतीही घालून दिल्या. यूपीआयनें एका व्यक्तीनें दुसरीस पाठविलेली रक्कम वजा होऊन जमा झाली नाहीं, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेली पाहिजे. दुकानदारास वजा झाल्याची खात्री मिळाली नाहीं, तर पांच दिवसांत. त्यापुढें दर दिवसास १०० रुपये भरपाई.

आतां आमचा घोटाळा. एका शाळेंत परीक्षेची फी भरण्याचा शेवटचा दिवस होता. पाथर्डी तालुक्यांतील एक पालक, ऊसतोडीहून नुकतेच परतलेले, फोन घेऊन आमच्याकडे आले. "सर, पैसं तर गेलं, पावती कुठंय?" कचेरींतील वीज दुपारपासून गेलेली होती. फी घेणारें पान दूरच्या संगणकावर असल्यामुळें चालू होतें. फीची वही मात्र कचेरींतील संगणकांत, आणि तो बंद. वीज आली तरी पावती दिसेना. मुलाचा अर्ज राहील ह्या भीतीनें आम्हींच त्यांस म्हटलें, "पुन्हां एकदां भरा." त्यांनीं भरले; पावती तत्काळ आली; आणि दोन मजुऱ्यांचे पैसे गेले हें संध्याकाळीं समजलें.

पुढें तीन आठवडे ते गृहस्थ खेपा घालीत होते. बँक म्हणे, आमचें काम पूर्ण झालें, रक्कम पोंचली. तें खरें होतें. कचेरी म्हणे, आमच्या वहींत ह्या मुलाची एकच रक्कम आहे. तेंही खरें होतें. रिझर्व्ह बँकेची मुदत येथें लागू पडत नव्हती, कारण दोन्ही भरणे बँकांच्या दृष्टीनें यशस्वी होते. पहिल्या भरण्याची वर्दी कचेरीच्या दारापर्यंत येऊन, दार बंद पाहून, कांहीं वेळां परत फिरली होती, आणि वीज येण्यापूर्वींच तिचे ठरलेले प्रयत्न संपले होते.

त्या वृद्ध मास्तरांनीं आम्हांस एकेरी मार्गावरील नील साहेबांचें यंत्र समजाविलें होतें. त्यांतून पोलादी गोळा निघतो. तो गोळा हातीं असल्यावांचून चालकानें पुढें जावयाचें नाहीं, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोहोंकडील यंत्रांतून दुसरा निघतच नाहीं. आमच्या फीच्या पानास असा गोळा नव्हता. त्यानें दोन्ही वेळां नवा क्रमांक दिला, म्हणून दोन्ही मागण्या त्यास निरनिराळ्या वाटल्या. विद्यार्थी आणि परीक्षा मिळून एकच क्रमांक बांधला असता, तर दुसरी मागणी येतांच पान म्हणालें असतें, 'ही आधींच पोंचली आहे,' आणि जुनेंच उत्तर परत दिलें असतें. वर्दीसही हाच नियम. एकच वर्दी दोनदां येण्याचा संभव असतोच, कारण पोंच मिळेपर्यंत ती पुन्हां पाठवितात. घेणाऱ्यानें क्रमांक पाहून दुसरी सोडून द्यावी.

शेवटीं पालकांच्या फोनांतील बारा अंकी व्यवहार क्रमांक लिपिकानें उतरून घेतला आणि फी गोळा करणाऱ्या मंडळींस विचारलें. उत्तर त्याच दिवशीं आलें. पैसेही परत मिळाले. आतां कचेरींतील संगणक रोज सकाळीं सुरू होतांच आदल्या दिवसाच्या भरण्यांची यादी आपण होऊन मागतो आणि वहीशीं ताळा पाहतो. वर्दीची वाट पाहत बसत नाहीं. पहिल्याच सकाळीं त्या यादींत आणखी दोन भरणे निघाले, ज्यांची नोंद वहींत नव्हती. ते पालक विचारावयास आलेच नव्हते.