जिताड्याची वाढ : आधी पाणी, मग खाद्य

रायगड जिल्ह्यात खाडीकाठच्या खारभूमीत तलाव करून जिताडा पाळण्याची रीत जुनी आहे. माशाला भावही चांगला मिळतो. त्यामुळे आपले काही व्यापारी बांधव या धंद्यात भांडवल घालू पाहतात. ‘मासा लवकर वाढावा म्हणून कोणते हार्मोन द्यावे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. आमच्या मते पहिला प्रश्न पाण्याचा आहे आणि दुसरा खाद्याचा.

पाणी : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. माशाच्या रक्तात याच्या साधारण एक तृतीयांश. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातील क्षार बाहेर जाऊ लागतात. समुद्राच्या पाण्यात अंगातील पाणी बाहेर ओढले जाते. हा तोल सांभाळण्यात खाल्लेल्या अन्नातील काही शक्ती खर्च होते. निमखाऱ्या पाण्यात हा खर्च कमी होतो व तेवढी शक्ती वाढीसाठी उरते. जिताडा गोड्या व खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगतो. परंतु खारटपणात एकाएकी मोठा फरक पडला तर त्याचे खाणे मंदावते. म्हणून बी सोडताना पिशवीत तलावाचे पाणी थोडे थोडे मिसळावे. मोठ्या पावसात हलके गोडे पाणी वर तरंगते आणि तळाच्या खाऱ्या पाण्यातील प्राणवायू घटतो. अशा वेळी वरचे पाणी उघाडीतून काढून द्यावे.

खाद्य : जिताडा मांसाहारी आहे. पिले लहानमोठी झाली की मोठी पिले लहानांना गिळतात. यासाठी सुरुवातीला वरचेवर आकारानुसार निवड करावी. तरंगणारे गोळीखाद्य वापरल्यास मासा किती खातो ते डोळ्यांना दिसते. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडवते. दर पंधरा दिवसांनी फेकजाळ्याने काही मासे काढून वजन करावे आणि एक किलो वाढीस किती खाद्य लागले ते वहीत लिहावे. नफातोटा येथेच ठरतो.

हार्मोन : वाढीचे हार्मोन माशाच्या मेंदूखालील ग्रंथीत आपोआप तयार होते. मासा उपाशी राहिला तर रक्तात हे हार्मोन वाढते, तरी अंग वाढत नाही. कारण यकृताकडून वाढीचा पुढचा निरोप जात नाही. गर्दी व खराब पाणी यांमुळे ताणाचे हार्मोन वाढते आणि भूक मरते.

बाहेरून दिलेल्या हार्मोनचा मोठा उपयोग बीजनिर्मितीत झाला आहे. १९५७ मध्ये कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून अंडी मिळविली. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज तयार केले. ती टोचणी अंडी मिळविण्यासाठी असते, वजन वाढविण्यासाठी नव्हे.

तेव्हा वाढीची बाटली विकणारा दारात आला, तर आधी आपली वही उघडावी. त्या पैशांत खारटपणा मोजण्याचे साधन घेतले तर ते अनेक हंगाम कामास येईल.