तेलाचा माग

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब हे गाव चिंतामणीच्या देवालयामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. गावाजवळून चक्रावती नदी वाहते. अशा एखाद्या नदीच्या पाण्यावर सकाळी सप्तरंगी तवंग दिसला, तर तो कोठून आला हे कसे ओळखावे? प्रथम काडीने तो हलवून पाहावा. काच फुटावी तसे त्याचे तुकडे झाले आणि ते वेगळेच राहिले, तर ते तेल नव्हे. लोहयुक्त पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जंतूंची ती करणी असते. तवंग पुन्हा सांधला गेला, तर मात्र ते तेल समजावे. मग काठाकाठाने प्रवाहाच्या उलट दिशेस चालत जावे. जेथून वरचे पाणी स्वच्छ दिसू लागते, तेथेच आसपास एखादे गटार, कारखान्याचा नाला किंवा मोटारी धुण्याची जागा सापडण्याचा संभव असतो. नदीला वरची बाजू असते, हे शोध घेणाऱ्याचे केवढे भाग्य!

समुद्राला अशी वरची बाजू नसते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास डांबरासारखे काळे, चिकट गोळे येऊन पडतात. त्यांना तेलगोळे म्हणतात. समुद्रात सांडलेल्या खनिज तेलाचा हलका अंश उडून जातो, उरलेला घट्ट होतो आणि नैर्ऋत्येचे वारे त्याला किनाऱ्याकडे लोटतात. स्वच्छ पुळण त्यामुळे विद्रूप होते. अनवाणी चालणाऱ्याच्या पायाला ते गोळे असे चिकटतात की साध्या पाण्याने निघत नाहीत.

हा अपराध कोणाचा? संशय दोघांवर होता. एक, मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात १९७४ साली सापडलेले ‘बाँबे हाय’ हे तेलक्षेत्र. दुसरी, तेलाच्या टाक्या धुऊन ते पाणी वाटेतच सोडून देणारी जहाजे. जहाज तर केव्हाच निघून गेलेले असते. त्याला विचारणार कोण?

तेव्हा गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोळ्यांनाच बोलते केले. खनिज तेल हे लक्षावधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून बनलेले असते. त्यात ‘होपेन’ नावाची संयुगे असतात. ऊन व लाटा यांचा त्यांच्यावर सहसा परिणाम होत नाही, आणि त्यांचे परस्परप्रमाण निरनिराळ्या तेलांत निरनिराळे आढळते. बोटाच्या ठशावरून माणूस ओळखावा, तसे या प्रमाणावरून तेल ओळखता येते. जेथे एवढ्याने भागत नाही, तेथे तेलातील कार्बनच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाणही तपासतात.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळ्यांचे ठसे बाँबे हायच्या तेलाशी जुळले नाहीत. ते आग्नेय आशियातील तेलाशी जुळले. दोष जहाजांच्या टाक्या धुण्याकडे गेला. प्रकरण येथेच मिटले असे कोणासही वाटले असते. परंतु त्याच वर्षीच्या मे महिन्यात नऊ किनाऱ्यांवरून नवे गोळे गोळा करण्यात आले, आणि त्यांच्या तपासणीतून बाँबे हायचे तेलही गोव्यापर्यंत पोहोचू शकते असे दिसून आले. पहिला निर्णय त्यामुळे खोटा ठरला नाही. ते गोळे निराळे, हे निराळे. संशोधकांनी सागरी प्रवाहांचे गणितही मांडून पाहिले. एप्रिल महिन्यात त्या तेलक्षेत्रातून सुटलेले कण आग्नेय दिशेने वाहत वाहत मे महिन्यात गोव्याच्या किनाऱ्याला लागत होते.