पायातली गुठळी फुफ्फुसातच का अडकते?

प्रश्न : अर्धांगवायूमुळे वडील अंथरुणाला खिळले. काही दिवसांनी लुळ्या पायात गुठळी झाली आणि ती फुफ्फुसात गेली. एवढ्या वाटेत ती आधी कुठेच कशी अडकली नाही? आणि मेंदूत का गेली नाही?
— एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : बाभईच्या गल्लीतून तुम्ही एल. टी. रोडला येता, मग एस. व्ही. रोड, मग हायवे. शिरांचंही तसंच. पोटरीतल्या बारीक शिरा मांडीतल्या मोठ्या शिरेला मिळतात, ती पोटातल्या महाशिरेला. रस्ता रुंदच होत जातो, मग गुठळी अडणार कुठे? हृदयाच्या उजव्या बाजूतून ती फुफ्फुसात शिरते आणि तिथे हायवेला फाटे फुटून पुन्हा गल्ल्या लागतात. अडते ती तिथेच.

मेंदूला रक्त जातं हृदयाच्या डाव्या बाजूकडून, म्हणजे फुफ्फुसातून गाळून आलेलं. मात्र सुमारे चारात एका माणसाच्या हृदयात, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला, गर्भावस्थेतली फट तशीच राहिलेली असते. त्या चोरवाटेने क्वचित पायातली गुठळी मेंदूतही पोचते.

आता मुळाकडे. पायातलं रक्त वर चढवायला हृदय एकटं पुरत नाही. चालताना पोटरी आवळते, शिरा पिळते, आणि शिरांमधल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. लुळ्या पायात हा पंपच बंद. रक्त साचतं, गोठतं. त्यासाठी आजारीच असावं लागतं असंही नाही. १९४०मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्र-रात्र आश्रयस्थानात आरामखुर्च्यांत बसून काढत. खुर्चीची पुढची कड गुडघ्यामागे रुतायची. त्यांतले काही अशाच गुठळीने दगावल्याची नोंद डॉ. कीथ सिम्प्सन यांनी तेव्हाच केली.

घरात असा रुग्ण असेल तर शिंप्याची टेप जवळ ठेवा. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजा. फरक तीन सेंटीमीटरहून जास्त आला, किंवा एकच पाय सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फरक कमी आला म्हणून मात्र बाकीच्या खुणांकडे काणाडोळा नको. अचानक धाप लागली, छातीत कळ आली, तर लगेच १०८ला फोन करा.

आणि सुजलेल्या पायाला तेल चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटू शकते, आणि सुटली की पुढचा रस्ता मोकळाच आहे.